शिळी गंमत चालायची न्हाय

आमच्या घरी सोमवार सोडायचा म्हणजे दिवेलागणीला. दिवसभर शाबूची उसळ आणि चहावर काढलेले आम्ही सगळे स्वयंपाकघरात फरशीवर बसतो, मामी तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकतात, आणि पहिला घास मोडायच्या आधी कुणीतरी आजीची एक गंमत सांगतं. हा नियम खुद्द आजीनंच घालून दिलेला.

आम्हा लिंगायतांत माणसाला मातीत बसवून पुरतात. आजीला त्याचं फार हसू यायचं. शेवटच्या आजारपणात सगळ्यांना जवळ बोलावून ती म्हणाली, "मला तुम्ही बसवून ठिवणार. बसून बसून करमायचं कसं? दर सोमवारी जेवायच्या आधी माझी एक गंमत सांगत जावा, मला ऐकू यील. पर दर बारीला नवी पाहिजे. शिळी गंमत चालायची न्हाय." मग हसली. हसताना आधी पदर तोंडाला लावायचा आणि मग मांडीवर थाप मारायची, ही तिची रीत. रडत होतो तेही सगळे हसलो.

मला मामाच्याच मुलाला दिलेलं, त्यामुळे आजी, म्हणजे शरणम्मा, माझी आईची आई आणि वर आजेसासूही. "दोन्हीकडनं माझीच हायेस," ती मला म्हणायची, "पळून जाशील कुठं?" माझ्यावर तिचा जीव होता आणि माझा तिच्यावर. खोड्या करायला मी तिच्याकडूनच शिकले. बाकी मी सरळ बाई आहे. रोज एसटीनं तेरहून धाराशिवला जाते, माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम करते. शंका आली की नमुना दुसऱ्यांदा तपासायचा, एवढं माझं तत्त्वज्ञान.

आजी श्रावणात गेली. त्यानंतरचे सोमवार खरंच मजेत गेले. वयाच्या पन्नाशीपासून ती कंडक्टरला सांगायची, "दात निम्मंच ऱ्हायलेत, निम्मंच तिकीट फाड." नव्या जावयाला तिनं मिठाचा चहा दिला, आणि तो बिचारा भिडेखातर सगळा प्यायला, तर दुसरा कप भरला. सत्तरीत यात्रेतल्या मोठ्या पाळण्यात बसली. पाळणेवाला उतरा म्हणाला तर वरूनच ओरडली, "खाली काय हाय? सैपाकच हाय की!" आम्ही हसून हसून जेवायचं विसरायचो. तिचं ताट तिच्या जागेवर, दाराशेजारी भिंतीला लागून, वाढलेलं असायचं. त्यात दुधात कुस्करलेली भाकरी, कारण शेवटी तिला तीच चावायची. नंतर ती गाईला जायची.

पण माणूस कितीही खोडकर असला तरी त्याच्या गमती कधीतरी संपतातच.

येळवशीनंतरच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येनंतरच्या सोमवारी गंमत सांगायची पाळी माझ्यावर आली आणि मला काही आठवेना. ताटं वाढलेली, सगळे उपाशी. तेव्हा मी माझीच एक गंमत आजीच्या नावावर खपवली. मी दहा वर्षांची असताना येळवशीला शेतात पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपीत लपून बसले होते. मामा रीतीप्रमाणे "ओलगे ओलगे" ओरडत कोपीभोवती आंबील शिंपडू लागले, तशी मी आतून घोगऱ्या आवाजात म्हणाले, "आणखी घाल!" मामा मडक्यासकट ज्वारीत पळाले. घरात हे सगळ्यांना पाठ आहे. मी फक्त माझ्या जागी आजीला बसवलं. मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, अगं, ती तर तू होतीस.

कुणी म्हणालं नाही. मामा ठसका लागेपर्यंत हसले. "व्हय, व्हय, लई भ्यालो हुतो म्या. आई कोपीतनं बाहेर आली तवा कुठं जीव भांड्यात पडला."

मला वाटलं, मामांनी सांभाळून घेतलं. झोपताना मी मल्लिनाथला, माझ्या नवऱ्याला म्हणाले, "कोपीत मी होते ना रे?" तो कुशीवर वळला. "तू कुठं होतीस? आजीच होती."

पुढच्या सोमवारी मामींनी सांगायला घेतलं. मल्लीच्या लग्नात आजीनं जिलेबीत हिरवी मिरची लपवून त्याला घास भरवला. मल्लिनाथ म्हणाला, "आजून जीभ भाजतीय."

मी हातातला घास खाली ठेवला. तो मिरचीचा घास माझ्या हातचा होता. "मामी, लग्नात नवऱ्याला घास बायको भरवते. आजी कशी भरवेल?"

मामी भाकरी थापता थापता थांबल्या. पिठाचा हात तसाच परातीत राहिला. "व्हय की," त्या म्हणाल्या. जरा वेळानं हसल्या. "पर भरवला खरा त्यांनीच."

तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. मामींची भाकरी मी आजवर कधी करपलेली पाहिली नव्हती.

घरच्यांचं सोडा, म्हटलं बाहेर विचारावं. शेजारच्या द्वारकाबाई अंगणात हरभऱ्याची भाजी खुडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ टेकले. "मावशी, यंदा संक्रांतीला तुमच्या सुगडात बोरांच्या जागी कांदे कुणी घातले?"

"शरणम्माबिगर कोन? लई खोडील बाई."

"यंदाच्या म्हणतेय मी. आजी श्रावणात गेली, मावशी."

त्यांचा हात थांबला. "व्हय. मातीला म्या आलते की," त्या हळूच म्हणाल्या. मग पुन्हा खुडायला लागल्या. "पर कांदे तिनंच दिले, बाई. डोळ्यांत पानी आनू नका म्हनली."

हे वाक्य माझं होतं. दारात उभी राहून, हळदी-कुंकू लावता लावता, मी म्हटलेलं.

"तू तवा हितं नव्हतीस का?" त्यांनी विचारलं. अगदी सहज, पाहुण्याला विचारावं तसं.

मी भ्याले. उगाच शब्द फिरवत नाही. एसटीत बसले की मी माझ्याच गोष्टी स्वतःला सांगू लागले, शाळेतली, कॉलेजातली, बाळंतपणातली, आणि प्रत्येकीत मी आहे का ते बघायची. होते. पण मला ठाऊक असून काय उपयोग? माझी लेक सृष्टी दुसरीत शिकते. तिच्या आठवणीतून मी गेले, तर मी तिची आई कशावरून?

घरी मी म्हणाले, "आता पुरे करू या सोमवारच्या गमती." मामी घाबरल्यासारख्या झाल्या. "असं कसं? त्या ऐकायला बसल्यात तिकडं." कुणीही हसलं नाही.

मग मी ठरवलं, लेकीला असं काहीतरी द्यायचं की त्यात आजीला शिरायला वावच नको. शनिवारी मी सृष्टीला माझ्याबरोबर प्रयोगशाळेत नेलं. आजीनं ती जागा कधी पाहिलीसुद्धा नव्हती. आमच्या परसातली मूठभर माती मी बशीत घेतली आणि तिच्यावर आम्लाचे थेंब सोडले. आपल्याकडच्या मातीत चुनखडी असते, त्यामुळे ती फसफसून वर येते. सृष्टी टाळ्या पिटायला लागली. "आई, माती हसतीय!"

"कुणी हसवली?" मी विचारलं.

"तू!"

येताना एसटीत तिला मी पुन्हा विचारलं. घरी आल्यावर पुन्हा. ती वैतागली, पण प्रत्येक वेळी म्हणाली, तू, तू, तू. मी तिला इतकं घट्ट धरलं की तिला दुखलं. कितीतरी दिवसांनी त्या रात्री मला झोप लागली.

सोमवार आला. दिवे लागले. मामा, मल्लिनाथ, सृष्टी आपापल्या जागी बसले. मी पाण्याचे तांबे भरत होते.

"आज मी सांगणार," सृष्टी म्हणाली.

"सांग की गं बाय," मामा म्हणाले.

"पणजीनं मला माती हसवून दाखवली."

मल्लिनाथ हसला. मामी हसल्या. सृष्टी हातवारे करून सांगत होती, बशी कशी होती, बाटली कशी होती, थेंब कसे पडले. एक गोष्टही चुकली नाही. फक्त मी नव्हते.

मी तांब्या खाली ठेवला. "सृष्टी. शनिवारी तुझ्याबरोबर मी होते."

तिनं माझ्याकडे पाहिलं. तिला खोटं बोलता येत नाही, लगेच नाक फुलतं. नाक फुललं नव्हतं.

"पणजी होती," ती म्हणाली.

"बरं." माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मग माझी एक गोष्ट सांग. कुठलीही. आईची."

ती विचार करू लागली. भुवया आखडून, मनापासून, शाळेत बाईंनी प्रश्न विचारल्यावर करते तसा.

मी मल्लिनाथकडे पाहिलं. तोही आठवत होता. घास हातातच होता.

मामी तव्याकडे बघत होत्या.

चुलीत लाकूड तडकलं.

शेवटी मामाच म्हणाले. मायेनं म्हणाले, त्यात काही वाईट नव्हतं. "आठवंल की. घाई काय हाय? बस, आधी जेव."

मी माझ्या जागेकडे पाहिलं. तिथं ताट नव्हतं. नुसती फरशी होती.

दाराशेजारी, भिंतीला लागून, एकच ताट उरलं होतं. मामींनी ते माझ्याकडे थोडं सरकवलं. दिवसभराची भूक होती. मी मांडी घातली आणि पाठ भिंतीला टेकवली. तिथून सगळे नीट दिसतात.

भाकरी दुधात कुस्करलेली होती, अजून कोमट.