डाव्या कॅमेऱ्याला दिसलेल्या वलांड्या

"रचना, थांब जरा," तिचा मित्र विहंग मागून ओरडत होता. पण किनाऱ्याकडे निघालेली रचना कसली थांबतेय, तिचं डोकं केव्हाच फिरलं होतं.

दिवाळीची सुट्टी लागलेली, रेवदंड्याच्या किल्ल्यात भटकायचा बेत पक्का झालेला, आणि सकाळीच ग्रामपंचायतीत किनाऱ्याचा नवा नकाशा लागला. त्यात होड्या होत्या, सुरूची झाडं होती, अगदी विहंगच्या वाडीचं कुंपणही होतं. मात्र होड्यांच्या मागे, जिथं रचनाची आई केसर बोंबील वाळवते, तिथल्या वलांड्या, म्हणजे मासे टांगायचे आडवे बांबू, गायब! तिथं नुसती वाळू आणि वर लिहिलेलं, 'रिकामी जागा, पर्यटकांच्या गाड्यांसाठी'. उद्या जेसीबी येणार होता.

केसर सकाळीच सरपंच नीराबाईंकडे जाऊन आली होती. त्यांनी तिलाच सुनावलं, "मोजणी झाल्यावर बांबू रोवलेस आणि आता रडतेस होय?"

"माज्या सासूच्या वेळच्या वलांड्या हायेत त्या," केसर म्हणाली, "आनि मी खोटारडी?" तिने पदराने डोळे पुसले. ते बघून रचनाच्या अंगाचा तिळपापड झाला. आईला खोटारडी म्हणतात काय!

मोजणीची जीप आली तो दिवस तिला लख्ख आठवत होता. टपावर लांब दांडा, दांड्याच्या दोन टोकांना दोन कॅमेरे. रचना तेव्हा बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर टांगत होती. दोन होड्यांच्या फटीतून तिने जीपकडे बघून हातही हलवला होता. तिने ते विहंगला सांगितलं.

"मग तू फोटोत असायला हवीस," विहंग म्हणाला. "चल, जीप उभी होती तिथंच उभं राहून बघू."

त्याने जीपवरच्या दांड्यासारखा एक लांब बांबू आडवा धरायला घेतला. डावं टोक रचनाच्या धाकट्या भावाकडे, विनेशकडे दिलं, उजवं स्वतःकडे ठेवलं. रचना वलांडीपाशी जाऊन उभी राहिली.

"ताई दिसतेय," विनेश म्हणाला.

"कुठाय? मला नुसती होडी दिसतेय."

"आंधळा हाएस काय? ती काय समोर!"

"म्हणजे डाव्या कॅमेऱ्याला तू दिसलीस!" विहंग ओरडला. मग बांबू टाकून पळतच सुटला. तिघं धापा टाकत पंचायतीत शिरले. मोजणीवाले सुयश साहेब नीराबाईंसोबत चहा पीत होते.

"डाव्या कॅमेऱ्याचा फोटो दाखवा," रचना म्हणाली.

"बाळ, नकाशा कॉम्प्युटरने केलाय. त्यात चूक होत नाही."

"मी बाळ नाही. फोटो दाखवा."

तिचा आवाज ऐकून नीराबाईंनी कप खाली ठेवला. साहेबांनी नाइलाजाने लॅपटॉप उघडला. उजव्या फोटोत होडी. डाव्या फोटोत होड्यांच्या फटीतून वलांड्या, त्यावर बोंबील आणि पिवळ्या फ्रॉकमध्ये हात वर केलेली रचना.

"मग नकाशात का नाही?" विहंगने विचारलं.

सुयश साहेब अडखळले. "वस्तू दोन्ही फोटोंत सापडली, तरच ती किती लांब आहे ते कळतं. एकातच दिसली तर जोडी जुळत नाही, तिथं भोक पडतं. मग प्रोग्राम ते शेजारच्या वाळूनं बुजवतो. नकाशा कसा नीटनेटका दिसतो."

"म्हणजे मीपण वाळू? माझी आईपण वाळू?" रचना संतापाने म्हणाली. "दिसलं नाही तर दिसलं नाही म्हणा ना. रिकामं कशाला म्हणता?"

 साहेबांनी खाली मान घालून ते बुजवणं बंद केलं. नकाशातल्या किनाऱ्यावर ठिकठिकाणी काळे डाग उमटले. प्रत्येक होडीमागे एक.

"एवढं सगळं न बघताच ठरवलं होतं आपण?" नीराबाई पुटपुटल्या. त्यांनी तिथल्या तिथे जेसीबीवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं आणि थेट वलांड्यांपाशी गेल्या. "केसर, चुकलं माझं. तुझ्या पोरांनी अब्रू राखली गावाची."

"शाबास रचना," सुयश साहेबही म्हणाले. "माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"हवंच होतं," रचना म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जीप पुन्हा मोजणीला आली, या खेपेला होड्यांच्या मागून, समुद्राच्या बाजूने. रचना आईशेजारी कमरेवर हात ठेवून उभी होती. या वेळी तिने हात हलवला नाही. दोन्ही कॅमेऱ्यांकडे रोखून बघत राहिली.