उघडा काठ

तारापाटच्या हवामान प्रयोगशाळेत डॉ. विनय मेस्त्री आले, तेव्हा त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. ते खाडीपलीकडच्या मोरवण्याचे. खाडी हीच दोन जिल्ह्यांची हद्द, आणि मासेमारीवरून दोन्ही काठांचं तीन पिढ्यांचं वैर.

"तुमची ती खाडीकाठची भिंत थांबवा," ते उभ्याउभ्याच म्हणाले. "परवाच्या उधाणाला आमच्या कोळीवाड्यात गुडघाभर पाणी शिरलं."

"संगणकाच्या प्रतिमानानं सांगितली तेवढीच उंची आहे, साडेतीन मीटर," तिथली शास्त्रज्ञ डॉ. केशर तांडेल म्हणाली.

"सीमाअट काय धरलीत?"

केशरनं संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. सूक्ष्मजाल प्रतिमान जिल्ह्याचे पन्नास-पन्नास मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकातला पाऊस, वारा आणि भरती पुढच्या पन्नास वर्षांसाठी मोजत असे. पण जाळं कुठेतरी संपवावं लागे, आणि त्यापलीकडे सगळं आजच्यासारखंच राहील असं धरावं लागे. तीच सीमाअट. केशरचं जाळं खाडीच्या मध्यावर संपत होतं.

"म्हणजे वादळाचं पाणी आमच्या काठावर पसरणार, हे धरूनच तुम्ही भिंत आखलीत! आम्हाला बुडवून मोकळ्या झालात."

"आणि तुमच्याही काठावर भिंत उठतेय, तिचं काय? तुमच्या जाळ्यात आमचा काठ कसा आहे?"

मेस्त्री खाली बसले. "उघडा," ते पुटपुटले.

दोघांनी एकमेकांकडे न पाहता दोन्ही जाळी जोडली. दुपारी उत्तर आलं. एकच भिंत झाली, तर तो काठ कोरडा आणि समोरचा पाण्याखाली. दोन्ही झाल्या, तर पाण्याला पसरायला जागा नाही. ते चार मीटर सत्तरपर्यंत चढेल आणि दोन्ही भिंती ओलांडेल. एकही झाली नाही, तर दोन्हीकडे कमरेएवढं.

"खालच्या वस्त्या हलवल्या, तर माणूस दगावणार नाही," मेस्त्री म्हणाले. "दोघांनीही काम थांबवायचं. मी आमच्या साहेबांना सांगतो, तुम्ही तुमच्या."

केशरनं फोनवर सगळं समजावलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एकच भिंत झाली तर तो काठ वाचतो, बरोबर?"

"हो सर, पण—"

"त्यांची किती झालीय?"

केशरनं काचेतून पाहिलं. मेस्त्री व्हरांड्यात पाठमोरे उभे राहून फोनवर हळू आवाजात बोलत होते. तिचं माहेर तारापाटच्या खालच्या आळीत होतं.

"अर्धी," ती म्हणाली. "आपली थोडी जास्त आहे."

दुसऱ्या दिवसापासून दोन्ही काठांवर तीन पाळ्यांत काम सुरू झालं. काही महिन्यांनी दोन्ही भिंती एकाच आठवड्यात पुऱ्या झाल्या. दोन्हीकडे नारळ फुटले, फटाके वाजले. खालच्या वस्त्या कुणीच हलवल्या नाहीत. आता भिंत होती ना!

वादळ कार्तिकात आलं. ओसरल्यावर केशर खालच्या आळीत गेली. माहेरच्या घराचं छप्पर उरलं नव्हतं, आत कुणी नव्हतं. शेजारच्या शाळेच्या भिंतीवरच्या चिखलरेषेला तिनं मोजपट्टी लावली. चार मीटर पासष्ट.

प्रतिमान पाच सेंटिमीटरनं चुकलं होतं.