डाव्या सीटचा तांदूळ

कस्तुरीला आधी बूट दिसले. काळे, ऑफिसचे, नीट पॉलिश केलेले आणि एका लाल गाडीखालून बाहेर आलेले. टोकियोच्या कोतो भागातल्या त्या बोळात सप्टेंबरचा बारीक पाऊस भुरभुरत होता. तिने कसाबसा सायकलचा ब्रेक दाबला, तेवढ्यात गाडीखालून शुद्ध मराठीत आवाज आला, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस... घरापर्यंत तरी चल ना."

टोकियोत मराठी काही दुर्मीळ नाही. तोयोसुला ऑफिस सुटायच्या वेळी उभं राहिलं तर अर्धं कोथरूड भेटतं. पण भर रस्त्यात पाठ टेकून, पावसात भिजत गाडीची मनधरणी करणारा मराठी माणूस तिने पहिल्यांदाच पाहिला.

"लाडीगोडी लावून नाही चालायची ती," कस्तुरी म्हणाली. "डिफरन्शियल खाली लोंबतंय."

मग डोकं कशावर तरी आपटल्याचा आवाज, आणि पाठोपाठ "आई गं". बाहेर आलेल्या माणसाचा टाय भिजला होता, केसांत गंजाचा भुगा होता आणि चष्मा एका कानावर होता. तो काहीतरी विचारणार होता. पण निळ्या डगल्यातली, गालावर ग्रीसचा पट्टा ओढलेली ती मुलगी त्याने पाहिली आणि काय विचारायचं तेच विसरला. कस्तुरीच्या ते लक्षात आलं. तिला कामावर जायला उशीर होत होता, त्यामुळे तिला त्याचाही रागच आला.

नाव पुष्कर, राहणार तोयोसु, काम सॉफ्टवेअरचं. गाडी दोघांच्याही वयापेक्षा मोठी, दोन दारांची, स्पोर्ट्स. लहानपणी कॅलेंडरवर पाहिली होती म्हणून पठ्ठ्याने ऑनलाइन लिलावात फोटो पाहूनच घेऊन टाकली. खाली वाकून पाहायचं काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

कस्तुरीचं वर्कशॉप बोळाच्या टोकालाच होतं. ती, पुष्कर आणि वर्कशॉपचे मालक मोरिता-सान अशा तिघांनी गाडी ढकलत आत नेली, वर उचलली आणि पाहिलं. कस्तुरीने चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याला, स्क्रूड्रायव्हर टोचला, तर तो चहात बुडवलेल्या टोस्टमध्ये जावा तसा आत गेला.

"वरून कीर्तन, आतून तमाशा," ती म्हणाली. "अख्खी चासी नवी बनवावी लागेल."

पुष्करचा चेहरा उजळला. "मग पुन्हा यावं लागेल मला?" वाईट बातमी ऐकून इतकं खूश झालेलं गिऱ्हाईक तिने कोल्हापुरातही पाहिलं नव्हतं.

कोल्हापूर म्हणजे उद्यमनगर. तिथे वडिलांच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये कस्तुरी पोळ्या लाटायच्या आधी वेल्डिंग शिकली. पुढे इंजिनियर झाली, जपानी शिकली आणि जुन्या गाड्यांना नवे सांगाडे घडवणाऱ्या या म्हाताऱ्याकडे येऊन टिकली. मोरिता-सान नव्या वर्षात काम थांबवणार होते. शेजारच्या दोन जागा घेऊन झालेला बिल्डर आता या जागेसाठी खेटे घालत होता. त्यांनी तिला सरळ सांगितलं होतं की या लाल गाडीची चासी पहिल्या रेघेपासून शेवटच्या वेल्डपर्यंत तिने एकटीने करायची. डिसेंबरच्या सरकारी तपासणीत गाडी पास झाली, तर वर्कशॉपची चावी तिची. नाही झाली, तर बिल्डरची.

त्यामुळे कस्तुरीला गिऱ्हाईक हवं होतं ते मुकं, आणि मिळाला पुष्कर.

तो दर शनिवारी यायचा. जुनं डिफरन्शियल गेलंच होतं. डिफरन्शियल म्हणजे वळणावर मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा तो लोखंडी गोळा. त्याच्या जागी पुष्करने तिला न विचारता भलत्याच गाडीचं, चांगलं दांडगं डिफरन्शियल विकत आणलं. ते कुठल्याच तयार माउंटवर, म्हणजे त्याला धरून ठेवणाऱ्या बैठकीवर, बसेना. म्हणून कस्तुरीने त्याच्यासाठी नवे माउंट काढले, जाड पत्रा कापला, भोकं पाडली. पुढच्या शनिवारी हा म्हणतो, जोडांत रबराचे बुश, मऊ अस्तरासारखे, घातले तर आवाज कमी येईल का? त्याच्या पुढच्या शनिवारी, सांगाड्याची मागची नळी जरा वर घेता येईल का? म्हणजे कसं, आत्ता वेल्ड करून टाकू, नाही जमलं तर नंतर बदलू...

"पुष्कर-सान," ती दात आवळून म्हणाली, "स्टीलला अपडेट पाठवता येत नाही."

"मराठी माणसाला 'राव' म्हणायचं सोडून सान?"

"मोरिता-सान ऐकतायत म्हणून सान. नाहीतर तोंडात दुसराच शब्द आला होता."

तो हसला. त्याचं हसणं चांगलं होतं, आणि तेच तर वैतागाचं होतं.

मग तिने त्याला समजावलं. आधी नुसते टाके मारायचे, वेल्डिंगचे छोटे छोटे ठिपके. सगळं जागेवर धरून पाहायचं. चुकलं तर टाका तोडता येतो. एकदा पूर्ण वेल्ड मारला की मग कापल्याशिवाय सुटका नाही. पुष्करने मान डोलावली आणि म्हणाला, म्हणजे साखरपुडा आणि लग्न. त्या दिवशी कस्तुरीचा एक टाका वाकडा पडला.

खरा घोळ झाला तो तांदळाने. मोरिता-सानांची एक पद्धत होती. गाडी शिंप्याने अंगावर बेतावी तशी बेतायची, असं त्यांचं म्हणणं. मालकाच्या वजनाइतका तांदूळ उजव्या सीटवर ठेवायचा, शेजारी नेहमी जो बसणार त्याच्या वजनाइतका डाव्या सीटवर. त्या भाराने गाडी जेवढी खाली बसेल, त्या उंचीला डिफरन्शियलपासून चाकांपर्यंतचे दोन्ही दांडे सरळ रेषेत आले की मगच माउंट पक्के करायचे. गाडी ताब्यात देताना दोन्ही सीटांचा तांदूळ एकत्र शिजवून सगळ्यांनी जेवायचं. दहा-वीस किलोंनी जग बुडत नाही हे कस्तुरीला इंजिनियर म्हणून माहीत होतं. पण चावी मोरिता-सानांच्या खिशात होती, आणि ते या बाबतीत ऐकणारे नव्हते.

उजव्या सीटचं लगेच झालं. पुष्कर मुकाट्याने वजनकाट्यावर उभा राहिला. मग तिने विचारलं, डाव्या सीटवर कोण?

पुष्कर काट्यावरून उतरला. चष्मा पुसला. "आहे एक... म्हणजे, बसावी असं वाटतं."

"वजन?"

"ते... अजून विचारलं नाही."

कस्तुरीने हातातला पाना जरा जोरातच खाली ठेवला. आहे म्हणजे कोणीतरी. असेल पुण्याची, सुगरण, बारीक आवाजात बोलणारी. आपल्याला काय करायचंय, असं ती स्वतःला म्हणाली आणि पुढचा तासभर एकच कड घासत बसली. ती कड आधीच गुळगुळीत होती.

नोव्हेंबर उजाडला. दर शनिवारी ती विचारायची, वजन? आणि तो म्हणायचा, या आठवड्यात नाही जमलं. ती ऐकेल का, रागावेल का, जरा तापट आहे. कस्तुरी म्हणायची, तापट असली म्हणजे काय, वजनच विचारायचंय, किडनी नाही मागायची. मोरिता-सान कोपऱ्यात चहा पीत हे ऐकायचे. त्यांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांच्या मिशा हलायच्या.

मग एका शनिवारी तो आलाच नाही. ऑफिसात काहीतरी बंद पडलं होतं, तसा निरोपही आला होता. कस्तुरीचं काम त्या दिवशी भराभर व्हायला हवं होतं. झालं काहीच नाही. दारात सायकल थांबली की तिचं डोकं वर व्हायचं. संध्याकाळी रिकाम्या डाव्या सीटकडे पाहताना तिला कळून चुकलं की तो आला की आपली चिडचिड होते, आणि नाही आला की त्याहून जास्त होते. याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणाची तरी सीट आपण इतक्या जीव लावून बेततोय, याचं तिला फार वाईट वाटलं.

त्याच्या पुढच्या शनिवारी तो पुन्हा हात हलवत आला. तपासणी तोंडावर आली होती.

"वजन?" कस्तुरीने विचारलं.

"अजून एक आठवडा दिलात तर..."

"डोस्कं उठवू नका माझं," कस्तुरीच्या तोंडून थेट उद्यमनगर बाहेर पडलं. "तुम्हाला गंमत वाटत असंल ही. तपासणी चुकली की या जागेवर बिल्डरची बिल्डिंग उभी राहणार. चावी मला मिळायची होती. तुमच्या लाजेपायी माझं वर्कशॉप जाणार, ते सांगा जाऊन तुमच्या तिला."

पुष्करचा चेहरा पडला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत कसं असणार, तिने कधी सांगितलंच नव्हतं. तो हळू आवाजात सॉरी म्हणाला आणि निघून गेला. कस्तुरी पुन्हा कामाला लागली, पण चेहऱ्यावरच्या मास्कची काच आतून धूसर व्हायला लागली. तिने ती बाहेरून दोनदा पुसली.

दुपारी दारात सायकल करकरली. मागच्या कॅरियरला, पुढच्या टोपलीत आणि दोन्ही हँडलना तांदळाच्या पिशव्या. पुष्कर घामाघूम झाला होता. त्याने एकेक पिशवी उचलली आणि डाव्या सीटवर रचली. आंबेमोहोर. भारतीय दुकानातला शिल्लक होता नव्हता तो सगळा उचलून आणला होता.

"विचारलं नाही," तो धापा टाकत म्हणाला. "अंदाजानेच आणला."

कस्तुरीने पिशव्यांवरचे आकडे मनातल्या मनात जोडले. "चांगलीच दणकट आहे की."

"नाही हो. साधारण... तुमच्याएवढीच आहे."

"माझ्याएवढी?" तिने कमरेवर हात ठेवले. "माझ्याएवढी असेल तर यात दहा किलो जास्त आहेत."

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण आपलं वजन भर वर्कशॉपमध्ये जाहीर केलं. पुष्कर वाकला आणि डाव्या सीटवरची दहा किलोची एक पिशवी त्याने उचलून जमिनीवर ठेवली. मग तिच्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

बाहेर पाऊस नव्हता, वारा नव्हता. कंप्रेसर तेवढा घरघरत होता. कस्तुरीने पिशवीकडे पाहिलं, सीटकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"इतके शनिवार..." ती म्हणाली. "एवढं एक वाक्य बोलता येत नव्हतं?"

"तुमच्या हातात दर वेळी काहीतरी पेटलेलं असायचं."

"आणि रबराचे बुश? ती मागची नळी?"

"काम संपलं की यायला कारण उरणार नव्हतं," पुष्कर म्हणाला. "वर्कशॉपचं कळलं असतं तर पहिल्याच दिवशी बोललो असतो, खरंच. तुम्ही नाही म्हणालात तरी हरकत नाही. चासी तुम्ही तुमच्या मनासारखी पुरी करा. पण मला तुम्ही आवडता. गाडीखाली डोकं आपटलं तेव्हापासून."

कस्तुरीला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्हींच्या वर राग आला. तिला तो आवडत होता. दीड-दोन महिने आवडत होता, आणि या शहाण्याने तिला एका न जन्मलेल्या सवतीच्या नावाने जळत ठेवलं होतं. तिने दोन्ही सीटांवरच्या सगळ्या पिशव्या उतरवल्या आणि डाव्या सीटवर स्वतःच जाऊन बसली.

"बघतोस काय?" ती म्हणाली. "तांदळाचा कशाला अंदाज... तूही बस तिकडे."

तो "तू" पुष्करला नीट ऐकू आला. उजव्या सीटवर बसताना त्याने पुन्हा डोकं आपटून घेतलं. गाडी हळूच खाली दबली. मोरिता-सान गुडघ्यांवर बसले, दांड्यांवर पट्टी धरली, एकदा या बाजूने पाहिलं, एकदा त्या बाजूने, आणि हूं म्हणून खडूने खूण केली. दांडे सरळ रेषेत होते. मग कस्तुरी उतरली, दोन्ही सीटांवर तांदूळ मापून ठेवला आणि मास्क खाली ओढला. त्या संध्याकाळी माउंटवर पडलेल्या वेल्डची रेघ मोरिता-सानांनी फार वेळ न्याहाळली. चूक सापडली नाही. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण तिचा चहा त्यांनी स्वतः केला.

तपासणीचा अधिकारी गाडीखाली बराच वेळ होता. बॅटरीचा झोत टाकून त्याने प्रत्येक जोड पाहिला, माउंटवर हातोडी वाजवली. पुष्कर बाजूला उभा राहून नखं खात होता, आणि कस्तुरी त्याला सांगत होती की नखं खाल्ल्याने स्टील मजबूत होत नाही. अधिकाऱ्याने मान डोलावून शिक्का मारला, तेव्हा तिचंच नख दातांत होतं.

वर्कशॉपमध्ये परत आल्यावर मोरिता-सानांनी खिशातून चावी काढली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. तिने तशीच, दोन्ही हातांनी घेतली. बिल्डरला नाही म्हणायला आपण स्वतः जाणार, एवढंच ते म्हणाले.

मग पद्धतीप्रमाणे तांदूळ. उजव्या सीटचा मोरिता-सानांचा जपानी, डाव्या सीटचा आंबेमोहोर, दोन्हींतले दोन-दोन वाडगे एकाच कुकरमध्ये. कस्तुरीची पुन्हा चिडचिड सुरू झाली. एकाला पाणी जास्त लागतं, एकाला कमी. एक शिजेपर्यंत दुसऱ्याचा गोळा व्हायचा. हे कोणी एकत्र शिजवतं का?

"आपण," पुष्कर म्हणाला.

भात जरा चिकटच झाला. त्यावर तिने कोल्हापुरी रस्सा ओतला. पहिल्या घासाला मोरिता-सानांच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी त्यांनी वाडगा पुन्हा पुढे केला. जेवणं झाली. पुष्करने भांडी घासली, गाडीची किल्ली उचलली आणि दाराशी घुटमळत उभा राहिला.

"गाडी तर झाली," तो म्हणाला. "आता पुढच्या शनिवारी काय बदल सांगत येऊ?"

कस्तुरीने हात पुसले, डगला काढून खुंटीला अडकवला आणि त्याच्या आधी जाऊन डाव्या सीटवर बसली.

"काही बदलायचं नाही आता," ती म्हणाली. "पूर्ण वेल्ड मारलाय मी. चल."