सतरा नंबरचा पट्टा

सोलापुरातल्या त्या प्रयोगशाळेत माणसाचा मत्सर तापासारखा मोजत. मनगटाला पट्टा बांधला, की घामावरून अन् नाडीवरून तो तीन दिवस आधी सांगायचा, हे माणूस जळून आता काहीतरी वेडंवाकडं करणार! मग त्याला वेळेत फोन करायचा, मायेचे दोन शब्द बोलायचे. आग लागायच्या आधीच पाणी. पीएचडी करणारी चाळीस पोरं असे पट्टे बांधून फिरत. आपला नंबर कुठला, ते मात्र यादी सांभाळणारी सोडून कुणालाच ठाऊक नसे.

त्या चाळिसातच शर्वाणी अन् निलोफर. शर्वाणी आकडेमोड करायची. निलोफर नावानंबरांची ती यादी सांभाळायची, फोन करायची. पाच वर्षं एका डब्यात जेवलेल्या. पण नोकरीची जागा निघाली एकच, अन् प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई निलोफरचं नाव घेताना जरा जास्तच हसल्या. झालं! शर्वाणीला शेंगाचटणीही कडू लागायला लागली. निलोफरचा फोन आला की कट.

त्यात आकड्यांमधला सतरा नंबर असा पेटला, की त्याच्या पट्ट्यावर पापड भाजावा. बाकीचे फोन झाला की निवत, हा चढतच चालला. त्या एकट्यापायी सगळं गणित वाकडं. 'पट्टा बिघडलाय,' म्हणत शर्वाणीनं सतरा पुसून टाकला. गणित कसं सुतासारखं सरळ! उद्या बाईंना दाखवलं, की नोकरी आपली.

तेवढ्यात निलोफर डबा घेऊन आली. संगणकाच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "शरू, सतरा कुठंय गं?"

"काढला. पट्टा खराब होता."

"पट्टा चांगलाय."

"तुला काय कळतंय? आकडे मी बघते."

"अन् फोन मी करते. सोमवारपासून अकरा वेळा केला. बया उचलतच नाही."

"मग नियम आहे ना? तीन दिवस नाही उचलला तर दारात जायचं. जा की!"

"तेच आलेय."

शर्वाणीनं मनगट पदराखाली लपवलं. पट्टा चटका देत होता.

"बाईंना सांगितलंस?"

"नंबर कुणाचा ते बाईंनाही सांगायचं नसतं. जेव आधी."

सतरा परत घातला, तर गणित मोडणार, नोकरी निलोफरची. नाही घातला, तरी ही मेली तोंड उघडणार नाही. तिच्या त्या चांगुलपणानंच शर्वाणी आणखी पेटली.

निलोफर मान खाली घालून चटणीत दही कालवत राहिली. पडद्यावर यंत्र विचारत होतं, 'पुसलेली नोंद परत आणू का?'