पाण्याची दवंडी

सोनखडी महापालिकेच्या जलपरीक्षा प्रयोगशाळेत कणवेधक यंत्राने पुन्हा तोच आकडा दाखवला, तेव्हा डॉ. हेमलता कोळपकर यांनी यंत्राला नव्हे, भिंतीवरच्या कायद्याच्या तक्त्याला शिवी हासडली. पाण्यात विष असल्याची पुष्टी होताच एका दिवसाच्या आत घरोघरी तातडीची सूचना गेली पाहिजे, असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं. पण पुष्टीसाठी दुसरा नमुना लागायचा, तो मुख्य अभियंत्यांच्या समक्ष घ्यावा लागायचा, आणि मुख्य अभियंता रणपिसे यांना गेल्या पावसाळ्यापासून त्यासाठी सवड झाली नव्हती. पुष्टी नाही, म्हणून सूचना नाही. कायदा अगदी तंतोतंत पाळला जात होता.

विष होतं कॅडमियमचं. जुन्या बॅटऱ्या फोडणारं एक आवार खालच्या तलावाच्या काठाला होतं, तिथून ते झिरपायचं. या धातूची खोड अशी, की तो मूत्रपिंडात शिरला की वीस-वीस वर्षं हलत नाही आणि बसल्या जागी मूत्रपिंडच पोखरतो.

"यावर उपाय आहे, मॅडम," नौशाद मुजावर म्हणाला. हा तिथला जीवरसायनतज्ज्ञ. त्याने एक कुपी उजेडात धरली. "दवंडी-रेणू. एरवी रंग नाही, चव नाही. कॅडमियम भेटलं की त्याला मिठी मारतो आणि जांभळा होतो. ती मिठी मग सुटत नाही."

"म्हणजे नळ उघडला की पाणीच सांगेल, मला पिऊ नका."

"आणि त्याला कुणाची सही लागणार नाही."

"पोटात गेला तर?"

"औषध नियंत्रकांनी मंजूर केलाय. पचत नाही, साठत नाही. अंगभर फिरतो आणि दिवसभरात लघवीतून, घामातून निघून जातो."

हेमलताबाई कुपी घेऊन थेट रणपिशांच्या दालनात गेल्या. रणपिसे हे काही खलनायक नव्हते. त्यांना माणसांपेक्षा मोर्च्यांची भीती जास्त वाटायची, इतकंच.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई," ते म्हणाले. "पाण्यात विष म्हणून सांगितलं आणि सगळं गाव रस्त्यावर आलं, तर आवरायला तुम्ही येणार?"

"मूठ झाकलेली आहे, पण लोक त्याच मुठीतून पाणी पितायत, साहेब. सूचना काढा, नाहीतर हा रेणू टाकायची परवानगी द्या. नाहीतर मी चौकात उभी राहून ओरडते."

रणपिशांनी जरा विचार केला आणि हसले. "टाका. उद्या पहाटेपासून टाका. परवा दुपारी जनसुनावणी आहेच. सगळ्यांसमोर नळाचं पाणी पेल्यात घेऊ. जांभळं निघालं तर मी सूचनेवर सही करतो. स्वच्छ निघालं तर तुम्ही राजीनाम्यावर करा."

"कबूल," हेमलताबाई म्हणाल्या.

रणपिशांनी काय केलं असेल ते वेगळं सांगायला नको. पाहुणे यायचे म्हटलं की आधी अंगण झाडायचं, ही महापालिकेची जुनी रीत. त्यांनी रात्रीतच खालच्या तलावाची झडप बंद केली, वाहिन्या धुऊन काढल्या आणि वरच्या धरणाचं निर्मळ पाणी गावाला सोडलं. ते जेमतेम सुनावणीपर्यंत पुरणार होतं. संध्याकाळी पुन्हा खालचा तलाव सुरू होणार होता.

सुनावणीच्या दुपारी सभागृह खच्चून भरलं होतं. वैशाखाचं ऊन, त्यात पंखे नुसते गरगरत होते. रणपिशांनी व्यासपीठावरच्या नळाचं पाणी पेल्यात घेतलं आणि उंच धरलं. पाणी काचेसारखं लख्ख होतं. त्यांनी ते घटाघटा पिऊन टाकलं. टाळ्या पडल्या.

"बावीस वर्षं मी, माझं घर, हेच पाणी पितोय," ते म्हणाले. "आणि या कोळपकरबाई राहतात गावाबाहेर, घरच्या विहिरीचं पाणी बाटलीतून आणतात. त्या आम्हाला शिकवणार!"

लोक हसले. हेमलताबाईंच्या कानशिलांना आग लागली. झडपेचा डाव त्यांच्या लक्षात आला, पण आता सांगून विश्वास कोण ठेवणार? संध्याकाळी तेच विष पुन्हा घराघरात जाणार होतं आणि सांगणारं माणूस नोकरीतून गेलेलं असणार होतं. त्यांना रडू यायला लागलं, आणि रडू येतंय याचा त्याहून संताप आला.

तेवढ्यात नौशाद खाली वाकला. त्याचा चेहरा शरमेने कसनुसा झाला होता. "मॅडम, एक सांगायचं होतं. सकाळपासून धीर होत नव्हता. मोरीत... मला जांभळं झालं."

"काय जांभळं?"

"लघवी, मॅडम. मला वाटलं, बीट खाल्लं म्हणून."

हेमलताबाई ताडकन उठल्या आणि त्यांनी ध्वनिक्षेपक ओढून घेतला.

"आज सकाळी मोरीत जांभळा रंग कुणाकुणाला दिसला?"

माणसं चपलांकडे बघू लागली.

"लाजू नका. पांढरा रुमाल घ्या, पदर घ्या, नसेल तर सदऱ्याची बाही घ्या. कपाळ पुसा."

आधी कुणी हललं नाही. मग पुढच्या रांगेतल्या एका बाईने पदराने गळा पुसला आणि किंचाळली. तिच्या शेजारचा पुसू लागला, त्याच्या मागचा पुसू लागला. बघता बघता पांढऱ्या कापडांवर जांभळे डाग उमटत गेले.

"रंग लावून आणलाय सगळा!" रणपिसे ओरडले. "पाणी स्वच्छ आहे!"

"आहेच!" हेमलताबाईंचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "मी लेखी देते, आजचं पाणी स्वच्छ आहे. म्हणून तर हे विष आजचं असू शकत नाही. रेणू स्वच्छ पाण्यातून अंगात गेला आणि आत बसलेल्या जुन्या विषाला धरून बाहेर आला. तुम्ही काल खालच्या तलावाचं पाणी सोडलं असतं, तर कालचा अपघात म्हणून सुटला असता, साहेब. तुम्ही स्वच्छ सोडलंत आणि बावीस वर्षांची साक्ष निघाली!"

रणपिशांनी सवयीने खिशातला रुमाल काढला, कपाळ टिपलं आणि रुमालाकडे बघितलं. त्यावर जांभळा डाग होता. मग ध्वनिक्षेपकापासून तोंड बाजूला करून हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, माझी नात चार वर्षांची आहे. तीही हेच पाणी पिते."

"मग खालची झडप उघडू देऊ नका. आणि ही घ्या सूचना, पावसाळ्यापासून तयार आहे."

हेमलताबाईंनी कागद पुढे सरकवला. रणपिशांनी तो मांडीवर ठेवून घामेजल्या हाताने सही केली. आधी त्यांच्या अंगठ्याचा जांभळा ठसा उमटला, मग शाईची सही झाली.