दुसरा शब्द

बोलणं गेलेल्या माणसाला पुन्हा बोलतं करायचं, हे मोठीचं काम. बंदराजवळच्या इस्पितळात तळमजल्यावर तिची खोली होती. एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या, भिंतीवर आरसा आणि चित्रांच्या कार्डांचा एक मळकट गठ्ठा. झटका येऊन ज्यांची वाचा गेली, अशी माणसं तिच्याकडे यायची. कप, चमचा, दार, मांजर दाखवत दाखवत ती त्यांना एखाद्या शब्दापर्यंत हाताला धरून न्यायची. सतरा वर्षं हेच चाललं होतं. पहिला शब्द बहुतेक वेळा कार्डावरचा नसतोच, हे तिला पाठ झालं होतं. कोणी शिवी देतं, कोणी बायकोला हाक मारतं. एका निवृत्त हेडमास्तरांनी दोन महिन्यांनी तोंड उघडलं ते ‘गप्प बसा!’ म्हणायला, आणि अख्ख्या वॉर्डानं टाळ्या वाजवल्या होत्या.

इस्पितळात तिला सगळे बाई म्हणायचे. मोठी हे घरातलं नाव. धाकटा भाऊ सातव्या महिन्यात जन्मला, मूठभर. त्याला बारक्या म्हणायला लागले आणि आपोआप ही मोठी झाली. पुढे बारक्या सहा फूट वाढला, दारातून वाकून आत यायला लागला, पण नाव काही बदललं नाही. आई लवकर गेली होती. घरात तिघंच, बाबा, मोठी आणि बारक्या. बारक्या बंदरातली फेरीबोट चालवायचा, या काठावरून त्या काठावर, दिवसाला बारा खेपा. बोटीवर त्याला सगळे कप्तान म्हणायचे. ‘बारक्या’ हे नाव घराच्या उंबऱ्याबाहेर कोणाला ठाऊकही नव्हतं.

त्यामुळे तिचे एक पेशंट, घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी, जेव्हा ‘बारक्या’ म्हणाले, तेव्हा मोठीच्या हातातलं कार्ड खाली पडलं.

घड्याळजी नऊ आठवडे गप्प होते. त्या दिवशी सकाळी त्यांनी मांजराच्या चित्राकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि अगदी स्वच्छ आवाजात म्हणाले, “बारक्या.”

“तुमच्या घरात कोणी बारक्या आहे का हो?” तिनं त्यांच्या सुनेला विचारलं.

सून बराच वेळ आठवत राहिली. “नाही बाई. कुत्र्याचंसुद्धा नाही.”

मोठीनं वहीत शब्द लिहिला, समोर तारीख टाकली आणि विषय सोडून दिला. योगायोग म्हणून एक गोष्ट जगात असतेच. पाच दिवसांनी घड्याळजींना दुसरा शब्द फुटला. “बुडेल.”

मग गाणं शिकवणाऱ्या एक आजी आल्या. त्यांचं डोकं शाबूत होतं, डोळे हसरे होते, फक्त जीभ वळत नव्हती. दुसऱ्या महिन्यात त्यांनीही ‘बारक्या’ म्हटलं, आणि सहाव्या दिवशी ‘बुडेल’. म्हणून झाल्यावर त्या खूश होऊन मोठीकडे पाहत राहिल्या, शाबासकी हवी असल्यासारख्या. आपण काय म्हणालो हे त्यांना कळलेलं नव्हतं. मोठीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला.

तिनं स्वतःला समजावलं, की आपण नकळत घरातलं नाव घेत असू, फोनवर बोलत असू, या लोकांच्या कानावर ते पडत असेल. बारक्या पाण्यावर काम करतो, ती काळजी आपल्या मनात असणारच. तिनं खोलीत फोन आणणं बंद केलं. वॉर्डात घरचा विषय काढणं बंद केलं.

तेवढ्यात एक खलाशी आला. परदेशी जहाजावरचा माणूस, बंदरातच झटका येऊन पडला होता. त्याला आपली भाषा येत नव्हती, एक शब्दही नाही. त्याच्यासाठी दुभाषा बोलावला होता. मोठीनं कप दाखवायचा, दुभाष्यानं त्यांच्या भाषेत कप म्हणायचं, असं तीन आठवडे चाललं. चौथ्या आठवड्यात खलाशानं तोंड उघडलं.

“बारक्या,” तो म्हणाला. मग थांबला, श्वास घेतला. “बुडेल.”

दुभाषा हसला. “बाई, तुम्ही कमालच केलीत! माझी भाषा राहिली बाजूला, हा तर तुमचीच बोलायला लागला!”

त्या दिवशी ती दुपारीच घरी आली आणि तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबा ऐकत राहिले. निम्मं आयुष्य त्यांनी नकाशे काढण्यात घालवलं होतं. मोजता येत नाही ते नसतंच, असा त्यांचा खाक्या. ते नेहमीप्रमाणे हसण्यावारी नेतील, आपल्याला रागावतील, असं तिला वाटलं होतं. तीच आशा धरून ती आली होती.

बाबा म्हणाले, “त्याला बोटीवरून उतरव.”

बारक्या मात्र पोटभर हसला. “ताई, गोष्टीतल्या राजानं राजपुत्राला सात कुलपांच्या आत ठेवलं होतं. त्याचं काय झालं, आठवतंय?”

“काय झालं?”

“जे व्हायचं होतं तेच! नाहीतर गोष्ट कशी झाली असती?”

मग त्यानं बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. बाबांनी त्याच्यापुढे कधी हात जोडले नव्हते. त्या दिवशी जोडले. बारक्या खुर्चीत बसला, दोन्ही तळहात बराच वेळ उलटेसुलटे करून पाहत राहिला आणि म्हणाला, “बरं.”

कोरडी नोकरी मोठीनंच शोधली. तिच्या एका पेशंटचा मुलगा धान्याच्या कोठारावर मुकादम होता. गावाबाहेर माळावर ओळीनं उभ्या असलेल्या सिमेंटच्या उंच गोल कोठ्या. वरून गहू ओतायचा, खालून सोडायचा. तिथून पाणी दिसतसुद्धा नव्हतं. मोठी स्वतः जाऊन बघून आली. आवारात एक नळ होता, त्याखाली बादली. तिनं त्या बादलीकडेही निरखून पाहिलं, आणि मग स्वतःचीच तिला लाज वाटली.

बारक्या रोज भुवयांत पिठूळ धूळ घेऊन घरी यायचा. खोकायचा. तक्रार करायचा नाही, पण जेवताना त्याचा डावा हात ताटाशेजारी हळूहळू वळायचा, सुकाणू धरल्यासारखा. एका संध्याकाळी तो म्हणाला, “ताई, वरून पाहिलं ना, तर गहू अगदी पाण्यासारखा दिसतो. खालची झडप उघडली की मधे भोवरासुद्धा पडतो.”

मोठीनं ते ऐकलं. ऐकलं आणि भाजी ढवळत राहिली. पाणी नाही ना, मग झालं, एवढंच तिच्या मनात आलं. नंतर किती दिवस ती त्या एका क्षणापाशी परत परत जायची. तेव्हा आपण डाव खाली ठेवला असता तर?

मंगळवार होता, सव्वाअकरा वाजले होते. ती एका बाईंना दाराचं चित्र दाखवत होती. फोन आलाय म्हणून नर्सनं बोलावलं. पलीकडे मुकादम होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं. गहू कडेला चिकटून बसला होता, तो मोकळा करायला बारक्या दोर बांधून आत उतरला. कोणीतरी खालची झडप उघडली.

“बाई, तो… गव्हात…”

मुकादम शब्द शोधत होता. मोठीला तो शब्द ठाऊक होता. सतरा वर्षं ती अडलेल्या माणसांना शब्द पुरवत आली होती. हा एक शब्द तिनं पुरवला नाही. शेवटी त्याला तो सापडलाच.

“बुडाला, बाई.”

ती पोचली तेव्हा कोठीची भिंत खालून फोडत होते. भगदाड पडलं आणि गहू आवारात सांडायला लागला, पिवळाधमक, सरसरत, थांबेचना. कबुतरं उतरली. त्यांना हाकलायचं कोणाला सुचलं नाही. अर्ध्या तासानं बारक्या बाहेर आला. चेहरा शांत होता. मोठीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि त्याच्या शर्टाच्या खिशातून कितीतरी वेळ दाणे ओघळत राहिले.

बाबा रडले नाहीत. तेराचौदा दिवसांनी, सकाळी चहा पिताना, फक्त एकदाच बोलले. “बोटीवरच राहिला असता तर.” मोठीनं दोन्ही कप उचलले, विसळले आणि कामावर गेली.

चार महिन्यांनी बाबा न्हाणीघरात पडले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. इस्पितळातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, “तुमच्यासारखी मुलगी घरात आहे, नशीबवान आहेत. महिन्यादोन महिन्यांत बोलायला लागतील.”

मोठीनं लांब रजा घेतली. बाबांचे हातपाय चोळले, त्यांना धरून चालवलं, मऊ खिचडी भरवली, दाढी केली. बघणाऱ्याला वाटावं, हिनं काही बाकी ठेवलं नाही. कार्डांचा गठ्ठा मात्र तिनं इस्पितळातून आणलाच नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “इतक्यात नको. त्यांना ताण होतो.”

न शिकवताच बोललेले पेशंट तिनं फार थोडे पाहिले होते.

एका सकाळी ती त्यांच्या अंगावरची चादर सारखी करत होती. बाबांनी तिचं मनगट धरलं. ओठ मिटले, उघडले, गोल झाले.

“मोठी,” बाबा म्हणाले.

तिचा ऊर भरून आला. बाबा पडल्यापासून त्या घरात तिला कोणी या नावानं हाक मारली नव्हती. ती त्यांच्या छातीवर डोकं टेकून रडली, आणि रडता रडताच गप्प झाली.

कुठलाही बाप आधी लेकीलाच हाक मारेल. हे तिला कळत होतं. अगदी साधी गोष्ट होती.

घड्याळजींचा दुसरा शब्द पाचव्या दिवशी आला होता. आजींचा सहाव्या.

चौथ्या दिवसापासून तिनं रेडिओ लावून ठेवला, मोठ्यानं. बाबा काही म्हणायला तोंड उघडायचे की ती घास पुढे करायची. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. ती ते पदरानं टिपायची आणि दुसरा घास भरवायची.

“बाबा, नका ना,” ती म्हणायची. “मी आहे इथं. मला कळतं सगळं. तुम्ही बोलू नका.”

सहाव्या दिवशी दुपारी रेडिओ बंद पडला.

ती स्वयंपाकघरात भांडी घासत होती. आतल्या खोलीतून आवाज आला. घशात अडकलेला, पुन्हा पुन्हा सुरू होणारा. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. माणूस शब्दाच्या अगदी जवळ आला की असाच आवाज येतो.

तिनं नळ पूर्ण सोडला. त्याखाली स्टीलचं पातेलं उपडं धरलं. पाणी त्यावर दणादणा आपटत राहिलं, तिचे हात बधिर होईपर्यंत.

मग तिनं नळ बंद केला.

घरात काही आवाज नव्हता. ती हात न पुसताच आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली.

बाबा जागे होते. उशीला टेकून दाराकडेच पाहत होते. अवघड शब्द एकदाचा जमला की पेशंटच्या चेहऱ्यावर जसं समाधान पसरतं, तसं त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं होतं. ते तिच्याकडे बघून हसले, शाबासकीची वाट पाहत.