न घातलेलं दही

राजस, हसू नकोस. चित्राकाकू दही आणतेय, ते हातावर घे आणि मुकाट्यानं खा. तासाभरात तुमची टॅक्सी येईल. मेक्सिकोला जाताय, माया लोकांचे पिरॅमिड बघाल, धबधब्यात डुंबाल, आम्हाला आनंदच आहे. पण दह्याला हसायचं नाही. का ते सांगतो. शर्वाणी, भीती वाटत असेल तर तू आत काकूला मदत कर. नाही? बरं, बस मग.

१४ डिसेंबर २०१७, गुरुवार. इथंच, ॲडम्सटाउनला, आमच्या शेजारच्या घरात हेमचंद्र आणि चारुदत्त राहायचे. दोघं पुण्याचे, एकाच टीममधले. त्या संध्याकाळी हेमचंद्र स्टेशनाजवळच्या दुकानात दूध आणायला गेला होता. डिसेंबरात या थंड देशात साडेचारलाच रात्र होते, तुम्हाला माहीतच आहे.

घरी तो एकटाच होता. चारू गेला होता ग्वाटेमालाला. मायांची जुनी देवळं, जंगलातले धबधबे, स्पॅनिश लोकांनी वसवलेली रंगीत गावं. आणि हा सगळा बेत कोणाचा? हेमचंद्रचा! दोन वर्षं खपून एक्सेल शीट केली होती यानं. कुठली बस, कुठलं हॉस्टेल, कुठल्या देवळावरून सूर्योदय बघायचा. जायचे होते दोघं. पण ऐन वेळी मॅनेजर म्हणाला, दोघांपैकी एकालाच रजा मिळेल. चारूनं अर्ज आधी टाकला होता. झालं! हेमचंद्र तोंडानं इथल्यांसारखं 'ग्रँड रे, मस्तच, जा तू' म्हणाला, पण आतून नुसता जळत होता पोरगा. मला म्हणाला, "काका, माझ्यासाठी वाढलेलं ताट ओढून घेतलं त्यानं."

निघायच्या दिवशी चारूच्या आईचा पुण्याहून फोन. "हेमू, मी काही तिथे नाही, तेव्हा त्याच्या हातावर तूच दही घाल हो. सुखरूप परत येईल."

"हो काकू," हा म्हणाला.

टॅक्सी दारात उभी. चारूनं हसत हात पुढे केला. आणि हा म्हणाला, "दही संपलंय रे."

फ्रिजमध्ये दुधामागे अख्खा डबा होता. सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

मग रोज फोटो यायला लागले. जंगलातून वर डोकावणारं देऊळ, पिवळी कमान, दगडी गल्ली. हा बघायचा आणि रात्रभर कूस बदलत राहायचा. त्या गुरुवारी दुकानातून परत येताना धबधब्याचा फोटो आला. हिरवंगार पाणी, काठावर चारू. खाली लिहिलेलं, 'तुझ्या शीटमधला नंबर सात. तू हवा होतास यार.'

प्रेमानं लिहिलं होतं हो त्यानं. याला मात्र टोमण्यासारखं लागलं. पुटपुटला, "तिथंच राहा आता."

घरी पोचला तेव्हा पावणेसहा वाजले होते. दार उघडलं.

हॉलमध्ये पाणी.

पावलांएवढं... ओळीनं... किचनकडे गेलेलं.

बटण दाबलं. दिवा लागेना.

"कोण आहे?"

...

फ्रिज उघडा. त्याच्या उजेडात कोणीतरी उभं. पाठमोरं. कपड्यांतून पाणी ठिबकतंय. ओल्या पाल्याचा वास... या थंडीत.

"चारू?"

तो वळला नाही. फक्त उजवा हात... हळूहळू... मागे आला.

तळवा वर.

असा.

...

हेमचंद्र अनवाणी माझ्या दारात आला. घरात कोणीतरी उभं आहे म्हणाला. मी टॉर्च घेऊन गेलो. घरात कोणी नाही, फरशी कोरडी, फ्रिज बंद. मी म्हटलं, "डोकं फिरलंय तुझं. चल जेवायला."

दुसऱ्या दिवशी फोन आला. धबधब्याच्या काठावरून पाय घसरून चारू बुडाला होता. तेव्हा तिथले सकाळचे पावणेबारा वाजले होते. म्हणजे इथले आदल्या संध्याकाळचे पावणेसहा.

हेमचंद्र रडला नाही. फ्रिजपाशी गेला, तो डबा काढून माझ्या हातात दिला. "काका, मी खोटं बोललो. मला त्याचं जाणं बघवलं नाही हो."

मी डबा दिव्याखाली धरला. सील चारी बाजूंनी नीट पाहिलं. कुठंही टाचणीएवढंसुद्धा भोक नाही. मग माझ्याच हातानं ते सोललं.

आत मधोमध... चमचाभर दही कोणीतरी काढून घेतलेलं होतं.